एकशे सहासष्ट किलोमीटर

१

गाडी कुणीतरी एकशे सहासष्ट किलोमीटर फिरवून आणली होती, आणि घरातलं एकही माणूस ते कबूल करायला तयार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी भाचीच्या दाराशी उभा होतो. शनिवारी पहाटे ती, तिचा नवरा आणि सासूबाई असे तिघे कायमचे दुसऱ्या राज्यात निघणार होते. नऊशे चौदा किलोमीटरचा प्रवास, त्यासाठी खास घेतलेली जुनी गाडी. निघण्याआधी एकदा नजर टाकून जा, असं भाचीने सांगितलं होतं. अडतीस वर्षं मी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्यांची पाहणी केली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी लोक मला जेवायला बोलावतात ते गाडीचा आवाज ऐकवायला. मी थकलोय, हे कुणाला खरं वाटत नाही.

सवयीप्रमाणे आधी मीटर पाहिला. एकसष्ट हजार पाचशे तेरा. वहीचं मागचं पान उघडलं. बुधवारी संध्याकाळी गाडी घरी आणून शेडखाली लावली, तेव्हा मी स्वतः आकडा लिहिला होता. एकसष्ट हजार तीनशे सत्तेचाळीस. आणि नंतर, भाचीच्या म्हणण्याप्रमाणे, गाडी जागची हलली नव्हती.

भाचीला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या तपासून तिला आता कुठे मुख्य तंत्रज्ञाची जागा मिळाली होती, तीही परराज्यात. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

"मामा, तुझी लिहायला चूक झाली असेल," ती म्हणाली.

"माझ्या गुडघ्यांची चूक होते, चष्म्याची होते. वहीची होत नाही."

तिने माझ्या हातातून वही घेतली, आकडा पाहिला, मग मीटर पाहिला. तिचा चेहरा उतरला. ही गाडी घेताना डीलरने लिहून दिलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मनाला आलं नाही तर परत करता येईल. पाच वाजले की संपलं.

"ज्या गाडीचं कालच्या दिवसाचं खरं मला कळत नाही, तिच्यात आईंना बसवून मी नऊशे किलोमीटर जायचं?" भिंगरी म्हणाली. "पाचपर्यंत मला सांग कुणी नेली ते. नाहीतर गाडी परत करते, आणि जायचं रद्द."

"रेल्वे आहे की."

"आईंचा पाय आहे ना."

बारा वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून सासूबाईंचा उजवा गुडघा वाकत नव्हता. रेल्वेच्या डब्यात चढणं नाही, विमानाच्या खुर्चीत मावणं नाही. ही गाडीच मुळी त्या पायासाठी घेतली होती. तीन आठवडे नवरा-बायको जुन्या गाड्या बघत हिंडले, आणि प्रत्येक गाडीत नवरा गुडघ्याला लाकडी पट्टी बांधून मागच्या सीटवर बसायचा, पाय सरळ राहतो का बघायला. डीलर लोक त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचे.

मी परत गाडीत वाकलो, आणि मग मला दुसरी गोष्ट दिसली. बुधवारी पेट्रोलचा काटा पाव टाकीवर होता. आता तो भरल्या टाकीच्या रेघेला टेकला होता. गाडी एकशे सहासष्ट किलोमीटर धावली होती, आणि तिच्यातलं पेट्रोल वाढलं होतं.

२

डीलरकडे मी बसने गेलो. गाडी कुणी हलवायची नाही, असं बजावून ठेवलं होतं. त्याच्या आवारात पन्नासेक गाड्या धूळ पुसून उभ्या होत्या, आणि तो स्वतः पंख्याखाली जांभया देत बसला होता. मला पाहून त्याची जांभई अर्ध्यावर थांबली. आमची जुनी ओळख आहे, फारशी गोड नाही.

"मीटरमध्ये हात घातलास का?"

"साहेब," तो दुखावल्यासारखा म्हणाला, "तुम्ही मला तीसेक वर्षं ओळखता. मी मीटर मागे फिरवला असेल, खोटं कशाला बोलू. पण पुढे? गाडी जास्त पळालीय असं दाखवून मला काय मिळणार? आणि बुधवारनंतर ती माझ्या आवारात होती कुठे?"

असा प्रामाणिक बचाव मी आजवर ऐकला नव्हता.

"मीटर आपोआप उड्या मारतो का?"

"मारतो. पण मग टाकी आपोआप भरते का?" टाकीचं मी त्याला बोलून गेलो होतो. तो परत पंख्याखाली सरकला. "परत करायची असेल तर पाचच्या आत आणा. पाच म्हणजे पाच. मी सहाला घरी जातो, पण पाच म्हणजे पाच."

तिथून मी कॅरिअरवाल्याकडे गेलो. सामानासाठी गाडीच्या टपावर लोखंडी कॅरिअर बसवायला तो गुरुवारी चार वाजता घरी आला होता. तेव्हा भिंगरी प्रयोगशाळेत शेवटची पाळी करत होती, नवरा, म्हणजे आमचे मास्तर, शाळेत होते. किल्ली सासूबाईंनी खिळ्यावरून काढून दिली होती.

कॅरिअरवाला वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिला. आळ आपल्यावर येतोय हे त्याला लगेच समजलं.

"माझं काम टपावर. मी गाडी चालू पण केली नाही. किल्ली फक्त दार उघडायला, आतून पट्ट्या ओवाव्या लागतात."

"मग गाडीचं तोंड बाहेर कुणी वळवलं?" हे मी सकाळीच पाहिलं होतं. बुधवारी गाडी नाक भिंतीकडे करून लावली होती. आज ती रस्त्याकडे तोंड करून उभी होती. घरच्यांना वाटत होतं की कामासाठी कॅरिअरवाल्याने वळवली असेल.

"मी आलो तेव्हा अशीच होती." त्याने चष्मा कपाळावरून काढला. "आणि एक सांगू का? मी नट-बोल्टांची थाळी नेहमी बॉनेटवर ठेवतो. खाली फडकं घालून हं, ओरखडा नको. काल ठेवायला गेलो तर बॉनेट तापलेलं. वर पत्रा आहे, ऊन लागत नाही तिथे. मी म्हटलं, आत्ताच कुठूनतरी आलेली दिसतेय."

"घरात विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. आजी म्हणाल्या, गाडी कालपासून इथेच आहे."

३

म्हणजे गाडी गुरुवारी भरदिवसा गेली आणि चारच्या आत परत आली. दिवसभर घरात एकच माणूस होतं, आणि ते माणूस खोटं बोललं होतं.

हे मी भिंगरीला सांगितलं. सांगायला नको होतं, पण दोन बस बदलून माझं डोकं उठलं होतं. ती खोक्यावर बसली. तिला बसलेलं पाहून मला काळजी वाटली.

"आई एकाच माणसासाठी खोटं बोलतील," ती हळूच म्हणाली. "मुलासाठी."

"मास्तरांसाठी?"

"शाळा इथून दहा मिनिटांवर. गुरुवारी त्याचा शेवटचा दिवस, तास कुणी घेत नाही. मुख्याध्यापकांनी त्याला दोनदा सांगितलंय, राजीनामा मागे घे, वरच्या कार्यालयात जाऊन फक्त एक सही कर. ते कार्यालय किती लांब आहे माहितेय? असंच सत्तर-ऐंशी." तिने खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उचकटायला सुरुवात केली. "त्याला यायचं नसेल तर तोंडाने सांगू दे. मी काही एकटीने राज्य बदलायला निघालेली नाही. आपलं सगळं गुंडाळून टाकते आणि परत माझ्या नळ्या धुवायला जाते."

मला तेव्हा कळलं की प्रश्न गाडीचा राहिलाच नव्हता.

मास्तर भूगोल शिकवतात. आतल्या खोलीत ते भिंतीवरचे नकाशे गुंडाळत होते, आणि शेजारी निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. लावायला भिंत उरली नव्हती, म्हणून ते खुर्चीवर बसवलं होतं. मी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं.

"मास्तर, गुरुवारी गाडी तुम्ही नेलीत का?"

ते रागावले नाहीत. गुंडाळी सुटू नये म्हणून नकाशावर गुडघा टेकून त्यांनी विचार केला.

"मामा, सकाळी नऊपासून पाचपर्यंत मी शाळेत होतो. अकरा भाषणं झाली. त्यातली चार माझ्याबद्दल होती. विचारा कुणालाही."

"तुम्हाला जायचंय ना?"

"भीती वाटते," ते म्हणाले. "तिथे मला कोण ओळखतं? पण जायचंय. तिने चौदा वर्षं माझ्या शाळेसाठी इथे काढली. आता माझी पाळी आहे. तिला सांगू नका, तिला वाटतं मला कशाचं काही वाटत नाही."

बाकी काही असो, एका गोष्टीवर माझा विश्वास होता. बुधवारी मी मास्तरांशेजारी बसून ती गाडी घरी आणली होती. त्यांना गाडी मागे घेता येत नाही. शेडमध्ये उलटी घालायचा प्रयत्न त्यांनी तीनदा केला, एक बादली चेपली, मग घाम पुसून नाक भिंतीकडे करून लावून टाकली. हा माणूस गाडी चोरून नेईल एक वेळ, पण तोंड बाहेर करून लावणं त्यांच्या हातून होणार नाही.

ते ज्याच्या हातून होतं असा माणूस घरच्यांत दुसरा कोण, हे आठवायला मला वेळ लागला नाही. भिंगरी सकाळपासून दिराच्या नावाने कुरकुरत होती. मास्तरांच्या धाकट्या भावाने भावाला निरोप द्यायला शनिवारची सुट्टी काढून ठेवली होती, आणि ऐन वेळी ती दुसऱ्याशी बदलून घेतली. उद्या तो येणार नव्हता.

त्याने शनिवार देऊन कोणता वार घेतला, हे कुणीच विचारलं नव्हतं.

४

धाकटा लांब पल्ल्याची बस चालवतो. डेपोत पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. मी फाटकाशी उभं राहून पाहिलं. एक बस आत आली. ती सरळ जागेवर गेली नाही. आधी डिझेलच्या पंपापाशी थांबली, टाकी भरली, मग मागे मागे जात रांगेत शिरली, तोंड रस्त्याकडे. पुढची बस आली. तीही पंपावर, मग उलटी रांगेत. सगळ्या रांगेचं नाक एका रेषेत होतं.

धाकटा आपल्या बसचा आरसा ओल्या फडक्याने पुसत होता. मला पाहून त्याचा हात तसाच थांबला.

"मामा, तुम्ही इकडे कुठे?"

"बघायला आलो. तुम्ही लोक आधी टाकी का भरता रे?"

"नियमच आहे. गाडी आत आली की आधी टाकी, मग जागा, तोंड बाहेर. सकाळच्या ड्रायव्हरला तयार मिळायला पाहिजे. वीस वर्षं झाली, आता हात आपोआप..."

आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं होतं.

"पाव टाकी होती," मी म्हणालो. "चोरून नेणारा माणूस पेट्रोल घालत नाही. लपवाछपवी करणारा पावाला पाव करून ठेवतो, म्हणजे कुणाला कळू नये. काठोकाठ भरून, तोंड बाहेर करून कोण ठेवतं? ज्याला दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची सवय आहे तो. काल सुट्टी होती ना तुला?"

त्याने फडकं पिळलं. पाणी त्याच्याच बुटांवर पडलं.

"टाकी कळेल असं वाटलंच नाही मला," तो म्हणाला. "लांब जायचंय त्यांना, भरलेली बरी, एवढंच आलं डोक्यात."

"कुठे गेला होतास?"

"मामा, मी शब्द दिलाय."

"कुणाला? घरी तुझी वहिनी भावावर संशय घेऊन बसलीय. पाचला गाडी परत जाईल आणि सोबत तिची नोकरी."

तो डेपोच्या फाटकाकडे बघत राहिला. एवढा दांडगा माणूस, पण डोळे भरून आले होते.

"शब्द मोडायला मला सांगू नका," तो म्हणाला. "गाडीत बघा, ड्रायव्हरशेजारच्या सीटकडे. मी फक्त चालवत होतो."

५

घरी पोचायला चार वाजून दहा मिनिटं झाली. शेडखाली मी शेजारच्या सीटचं दार उघडलं. सकाळी मी सगळं पाहिलं होतं, टायर, तेल, मीटर, काटा. रिकाम्या सीटकडे पाहण्याचं काही कारण नव्हतं. अडतीस वर्षांत मी मोडलेल्या वस्तू शोधत आलो. धड असलेल्या वस्तूकडे माझं लक्ष जात नाही, ही माझी खोड आहे.

सीट पार पुढे सरकवलेली होती, इतकी की तिच्यावर माणूस बसलाच तर गुडघे समोर आपटतील. म्हणजे पुढे कुणी बसलं नव्हतं. जागा मागच्या माणसासाठी केली होती. त्याला पाय लांब करायचा होता.

मी कण्हत खाली वाकलो. सीटखाली हात घातला, आणि हाताला मऊ काहीतरी लागलं. एक लांबट उशी. वर चार प्रकारच्या पडद्यांचे उरलेले तुकडे जोडून शिवलेला अभ्रा, टाके असे बारीक की मोजायला भिंग लागावं.

सकाळी सासूबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या आणि गुडघ्याखाली घडी घातलेली चादर होती. नेहमीची उशी कुठे गेली, असं मी सहज विचारलं होतं. सामानात बांधली, असं त्या म्हणाल्या होत्या.

आताही त्या तशाच बसल्या होत्या, खिडकीशी. मी उशी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"विहीणबाई, तुम्ही म्हणाला होतात, गाडीत अजून पाऊलही ठेवलं नाही."

त्यांनी उशी उलटसुलट करून पाहिली, झटकली, आणि चादर काढून गुडघ्याखाली सरकवली. मग सुस्कारा टाकला.

"कालपासून गुडघा ठणकतोय माझा. हिच्यावाचून झोप नाही आली."

"कुठे गेला होतात?"

"तुम्ही फार चांगले आहात मामा, पण तुम्हाला गप्प बसता येत नाही," त्या म्हणाल्या. "बोलवा त्या दोघांना. एकदाच सांगते. दोनदा सांगायचं त्राण नाही."

घड्याळात साडेचार झाले होते.

६

मास्तर दारात उभे राहिले, भिंगरी परत खोक्यावर बसली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती.

"धाकट्याला मी नेलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे त्याने मला नेलं. इथून त्र्याऐंशी किलोमीटर. जायला त्र्याऐंशी, यायला त्र्याऐंशी. तिथे म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे. काजेवाली दोन वर्षांपासून तिथे राहते."

काजेवाली म्हणजे त्यांची कारखान्यातली मैत्रीण. तीस वर्षं या शर्ट शिवायच्या आणि शेजारी बसून ती बटणांची काजं करायची.

"तिच्या खोलीत दुसरी खाट रिकामी झालीय. बघून आले. खिडकी आहे, पायऱ्या नाहीत. मी खाट सांगून आले."

आतल्या खोलीतल्या त्या खुर्चीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

"आई," मास्तर म्हणाले, "आम्ही काही बोललो का? काही चुकलं का आमचं?"

"तेच ते. मला वाटलंच तू हेच विचारणार." त्या त्यांच्याकडे वळल्या. "काही चुकलं नाही रे. मला यायचं नाही, एवढंच. बासष्ट वर्षं लोकांच्या मापाने शिवत आले. आता नवं गाव, नवी भाषा, नवे डॉक्टर, आणि दिवसभर तुम्ही दोघं बाहेर, मी भिंतीकडे बघत बसायचं. मी थकलेय. मला माझ्या बाईशेजारी बसून दुसऱ्यांची उणीदुणी काढायची आहेत."

"मग आधी का नाही सांगितलंत?" भिंगरीचा आवाज चढला होता. "तीन आठवडे. तीन आठवडे आम्ही गाड्या बघत होतो आई. तुमच्या पायासाठी. नाहीतर आम्ही दोघं रेल्वेने नसतो का गेलो? गाडी घेतली कशाला मग?"

"म्हणून तर सांगवेना." सासूबाईंचा आवाज आता बारीक झाला. "पहिल्या आठवड्यात सांगणार होते. त्या दिवशी हा घरी आला, गुडघ्याला पट्टीचे वळ उठलेले. म्हणाला, आई, आज एका गाडीत पाय अगदी सरळ राहिला. आणि मला जेवताना हसून सांगत होता, डीलर कसा बघत होता ते. मला नाही म्हणता आलं नाही. नंतर नंतर तर फारच उशीर झाला."

"आणि सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" मी भिंगरीला विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं.

"नोकरी नको म्हणाली असती. सासूला टाकून गेली असं कुणी म्हणायला नको म्हणून इथेच नळ्या धूत बसली असती, आणि माझ्यावर कधी रागावली पण नसती. ते मला सोसलं नसतं. म्हटलं, सामान चढू दे, किल्ली हातात येऊ दे, मग दारातच सांगू. धाकटा रविवारी येऊन मला पोचवणार होता. उद्या तुमच्यासमोर उभं राहून खोटं बोलवणार नाही, म्हणून त्याने कामच लावून घेतलं. तो माझ्यासारखाच भित्रा आहे."

भिंगरी रडली. तिला रडताना मी तिची आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. मास्तर येऊन तिच्या खोक्यावर टेकले. खोक्यात काचेची भांडी होती, ती करकरली, पण कुणी उठलं नाही.

"मला वाटलं, तू राजीनामा मागे घ्यायला गेलास," ती त्यांना म्हणाली.

"मला उलटी गाडी घालता येते का?" मास्तर म्हणाले.

पाचला दहा कमी असताना फोन वाजला. डीलर होता. भिंगरीने नाक पुसलं.

"आई, गाडी परत करू का? आता पायाचा प्रश्न नाही. आम्ही रेल्वेने जाऊ."

"परत?" सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं जसं काही तिने उसवलेला सदरा इस्त्री करायला दिला होता. "मग त्र्याऐंशी किलोमीटर मला काय बसमध्ये लोंबकळत नेणार? आणि बघायला येणार कशाने, वर्षातून एकदा तरी?"

भिंगरीने फोन कानाला लावला. "गाडी ठेवतोय," ती म्हणाली. "नाही, मीटर चांगला आहे. मीटरच तेवढा खरं बोलत होता."

७

शनिवारी पहाटे मी निरोप द्यायला गेलो. सासूबाई मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर त्यांची एक पेटी, गुडघ्याखाली उशी. ते घर परराज्याच्या रस्त्यावर नव्हतं, अगदी उलट दिशेला होतं. आधी तिकडे जायचं, त्यांना पोचवायचं, परत शहरात यायचं आणि मग नऊशे चौदा किलोमीटर. मास्तरांनी नकाशावर दोन्ही रेघा काढून ठेवल्या होत्या.

"मामा, येत जा अधूनमधून," सासूबाई म्हणाल्या. "काजेवालीला नवरा नाही, तुम्हाला बायको नाही. लग्न लावत नाही, पत्ते खेळायला चौथा माणूस हवाय."

धाकटाही आला होता, कामावर जायच्या आधी दहा मिनिटं. त्याने टायर ठोकून पाहिले आणि वहिनीशी नजर मिळवायचं टाळलं. शेवटी तिनेच त्याच्या हातात आदल्या दिवशीचा उरलेला बिस्किटांचा पुडा कोंबला. भाऊजी, टाकी भरल्याबद्दल, असं म्हणाली. मग ते गेले, आणि मी रिकाम्या शेडखाली थोडा वेळ उभा राहिलो. माझं म्हणावं असं शहरात आता कुणी उरलं नव्हतं. वाईट वाटलं, ते लपवायचं कारण नाही.

सोमवारी दुपारी भिंगरीचा फोन आला. वेळेवर हजर झाली होती. प्रयोगशाळा मोठी आहे, खुर्ची फिरते, लोक बरे आहेत, मास्तर गल्लीच चुकले. आवाज दमलेला होता, झोप न झालेल्या माणसाचा.

"मीटर काय झाला?" मी विचारलं. सवय जात नाही.

तिने गाडीत ठेवलेल्या चिठ्ठीवरून आकडा वाचला. बासष्ट हजार सातशे साठ. मी वहीत लिहिला आणि बेरीज केली. प्रवासाचे नऊशे चौदा. सासूबाईंना पोचवून परत यायचे एकशे सहासष्ट. दोन्ही जमेला धरले तरी आकडा पुढेच होता. एखाददुसऱ्या किलोमीटरचं सोडा, पण हा फरक पुन्हा एकशे सहासष्टचा होता.

"भिंगरे, परत का फिरलात? विहीणबाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत रे. त्यांना पोचवून आम्ही शहरात परत आलो, पंपावर थांबलो. हा शेजारची सीट मागे घ्यायला गेला, तर ती सरकेना." मग ती म्हणाली, "खाली उशी अडकली होती."

"अगं, धाकटा रविवारी त्यांना भेटायला जाणारच होता की. त्याच्याकडे द्यायची."

"म्हणजे शनिवारची रात्र त्यांनी चादरीची घडी घालून काढायची?" भिंगरी म्हणाली. "आम्ही नेऊन दिली. त्या आणि काजेवाली दारातच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, वेडी आहेस का, उशीर होईल तुला. आणि उशी घट्ट धरून ठेवली."

मी वहीत त्या फरकासमोर उशी असं लिहिलं, आणि वही मिटून ठेवली.